दात मोडलेली किल्ली

१

चिंगी गेली त्याला पंधरवडाही लोटला नव्हता, आणि तिच्याच बैठकीच्या खोलीत तिच्या थोरल्या भावाने तिच्या नवऱ्यावर खुनाचा आळ घेतला. तोही आवाज न चढवता. दादाची व्यायामशाळा होती. दारातून तिरपे होऊन आत यावे लागेल असा देह आणि त्या देहाला न शोभणारा मऊ आवाज. त्याने खिशातून रक्ततपासणीचा कागद काढला आणि चहाच्या कपांमध्ये पसरला.

“आत्या, चौतिसाव्या वर्षी कुणाचं हृदय असं बंद पडतं का? हृदयाच्या नळीत गुठळी सापडली. पायाला मुंग्या येतात म्हणून जाण्याआधी तिनं रक्त दिलं होतं, त्याचा हा आकडा. तूच बघ. यांना विचारलं तर कानांवर हात ठेवतात.”

‘हे’ म्हणजे चिंगीचा नवरा, एका शाळेच्या उपाहारगृहातला आचारी. खिडकीजवळच्या स्टुलावर, गुडघ्यांवर पंजे टेकून तो बसला होता.

दादा आणि चिंगीच्या या आत्याने आयुष्यभर महाविद्यालयात जीवरसायन शिकवले होते. विद्यार्थी मागे तिला तराजूबाई म्हणत, कारण शब्दसुद्धा ती तोलून वापरी. तिने चष्मा पुसून कागद वाचला. होमोसिस्टीन हे एक अमिनो आम्ल. ते प्रत्येकाच्या शरीरात अन्नातल्या प्रथिनांपासून आपोआप तयार होते आणि निरोगी शरीर त्याला साठू देत नाही. ब-बारा जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचे पुन्हा उपयोगी द्रव्य करून टाकते. ते काम थांबले की हे आम्ल रक्तात तुंबते. ज्यांच्या रक्तात ते तुंबते, त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडणे आणि गुठळ्या होणे जास्त आढळते. पंधरापर्यंतचा आकडा चालतो. चिंगीचा होता बहात्तर.

“सकाळच्या चहापासून रात्रीच्या ताटापर्यंत सगळं यांच्या हातचं,” दादा म्हणाला. “संध्याकाळी झिंगल्यासारखी हसत घरी यायची, शेजारचे सांगतात. काय घालत होते डब्यात?”

“तुमच्या डब्यातली ताकदीची पावडर खायची ती,” आचारी पहिल्यांदाच बोलला. “ती कोणी दिली होती?”

“ती मी स्वतः खातो.”

“आणि रोज नाही यायची तशी. फक्त गुरुवारी. हसायची आणि मग डोकं धरून बसायची.”

टीपॉयखाली चिंगीची लेक टिकली जमिनीवर पालथी पडून हलणाऱ्या दाताला जिभेने झुलवत होती. “आई गुरुवारी गंमतवाऱ्यात बसायची,” ती म्हणाली. “म्हणून हसू यायचं. आणि आत्याआजी, आईच्या दवाखान्यावरच्या दाताचा ना, दात पडलाय.”

तिच्याकडे कोणीच लक्ष दिले नाही.

“मूल मी नेणार,” दादा म्हणाला. “रविवारी. नंतर पोलिसांत जायचं की नाही ते बघू. ज्या हातानं आईला असलं जेवण घातलं, त्या हातचं लेकराला नको.”

आचाऱ्याने टिकलीकडे पाहिले आणि त्याचे पंजे गुडघ्यांवर घट्ट आवळले गेले. त्याच्याजवळ आता दुसरे काही उरले नव्हते, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्यासाठी भांडता आहात, त्या चिंगीला काय झाले हे विचारायला दोघांपैकी एकाला तरी सुचले का?

“रविवारपर्यंत मूल इथून हलणार नाही,” ती म्हणाली. “आकडा माझ्या प्रांतातला आहे. उत्तर मी शोधीन.”

“आणि उत्तर यांच्याच विरुद्ध गेलं तर?”

“तर मूल मी स्वतः तुझ्या घरी आणून सोडीन.”

आचाऱ्याने मान वर केली. आत्याने त्याची नजर टाळली नाही.

२

ती रक्ततपासणीची प्रयोगशाळा तिच्याच एका विद्यार्थ्याची निघाली. त्याचे केस पिकले होते, तरी तो तिला पाहून खुर्चीवरून ताडकन उठला.

“नमुना बर्फात ठेवला होतास?” तिने बसण्याआधीच विचारले.

“बाई, तुम्हीच शिकवलंत. रक्त तसंच उभं ठेवलं की तांबड्या पेशी हे आम्ल बाहेर सोडत राहतात आणि आकडा फुकटचा फुगतो. सुई बाहेर, नळी बर्फात, लगेच पेशी वेगळ्या. चिंगीताईंचं रक्त मी स्वतः काढलं.”

“म्हणजे आकडा खरा.”

“खरा. मात्र खुनी हेच आम्ल की नुसता साक्षीदार, यावर विद्वानांचं अजून जमत नाही. गोळ्या देऊन आकडा खाली आणला, तरी हृदयाचे झटके फारसे कमी झाले नाहीत, असंही दिसलंय.”

“साक्षीदार तर साक्षीदार. त्यानं काय पाहिलं, ते मला हवंय. नमुना उरलाय?”

गोठवलेला थोडा उरला होता. आत्याने तीन तपासण्या सांगितल्या: ब-बारा, फॉलिक आम्ल आणि मूत्रपिंडाचे काम. नेहमीचे संशयित हेच. आहारात कमतरता असेल, तर आचाऱ्याकडे बोट. मूत्रपिंड बिघडले असेल, तर दादाच्या पावडरीकडेही वळून पाहावे लागेल. जन्मजात दोष तिने आधीच खोडला होता. काही वर्षांपूर्वी वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी निरोगी माणसाचे रक्त हवे होते, तेव्हा चिंगीनेच हात पुढे केला होता आणि फळ्यावर तिचा आकडा अगदी सरळ, सभ्य आला होता. “माझं रक्त आदर्श आहे,” असे तिने त्यानंतर घरभर सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचा आवाज अवघडलेला होता.

“बाई, ब-बारा भरपूर आहे. फॉलिकही. मूत्रपिंड स्वच्छ. या तीन उत्तरांबरोबर बहात्तर येऊच शकत नाही.”

“आलाय ना?”

“आलाय.”

“मग ‘येऊ शकत नाही’ असं म्हणू नकोस. ‘मला कळत नाही’ असं म्हण.”

फोन ठेवल्यावर तिला जाणवले, की हे वाक्य तिने स्वतःलाच सुनावले होते.

३

तिने घरातल्या तिघांनाही रक्त द्यायला लावले. दादा कुरकुरला, “माझं कशाला? मी बैलासारखा आहे.”

“म्हणूनच. तू तिचा सख्खा भाऊ आणि तीच पावडर खातोस. तुझ्यात दोष निघाला, तर रक्ताचा किंवा पावडरीचा. बाही वर कर.”

आचाऱ्याने न बोलता हात पुढे केला. टिकलीने दोन अटी घातल्या: सुई दाखवायची नाही आणि नंतर आइस्क्रीम.

त्यानंतर आत्या चिंगीच्या कामाच्या जागी गेली. लहान मुलांच्या दातांचा दवाखाना. इमारतीची पुढची भिंत व्यापणारा प्लास्टिकचा फलक, त्यावर डोळे मिचकावणारा भलामोठा हसरा दात. त्या हास्यात, समोरच्याच ठिकाणी, वाटोळे काळे भोक होते. कडा खडबडीत, घाईने कापलेल्या. टिकली म्हणाली ते हेच. दाताचा दात पडला होता.

दातांचे डॉक्टर दारापर्यंत सामोरे आले. मुलांशी बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा लाडिक झाला होता.

“फार हसरी मुलगी हो. आमच्या घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं.”

“तिच्या हाताखाली कुठली औषधं, रसायनं यायची?”

“छे छे. मुलांना धीर द्यायचा, डोकं धरायचं, गोष्ट सांगायची. आमच्याकडे औषध एकच, माया.”

“आतली खोली बघू?”

“आत पेशंट आहे. मूल बिचकेल.”

बंद दारापाशी भिंतीवर एक बटण होते. रंग जुनाट पिवळा, पण बटणावरून आडवा गेलेला एक पट्टा मात्र पांढरा स्वच्छ. जणू तिथे दीर्घकाळ चिकटपट्टी होती आणि नुकतीच कोणी ओरबाडून काढली होती. चिंगीच्या जागी आता तिच्याबरोबरचीच दुसरी मदतनीस बसत होती. तिच्या हातून अवजारांचा ट्रे निसटला. अवजारे उचलताना ती बोटांऐवजी तळव्यांनी गोळा करत होती.

“बोटांना काय झालं ग?” आत्याने विचारले.

“काही नाही,” डॉक्टरच म्हणाले. “वेंधळी आहे जरा.”

मदतनिसीने वर पाहिले. काहीतरी तिच्या ओठांवर आले होते. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते तिने गिळले.

४

शनिवारी निकाल आले, आणि दादाही आला. कागद त्याने आत्याच्या हातातून जवळजवळ ओढलाच.

दादा: नऊ. आचारी: अकरा. टिकली: एकोणतीस.

“लेकराला पण,” दादा म्हणाला. त्याचा मऊ आवाज फाटला होता. “स्वतः धडधाकट आणि बायको, मुलगी… आत्या, अजून काय बघायचंय तुला?”

“मी टिकलीच्याच ताटात जेवतो,” आचारी म्हणाला. “तिचं उरलेलं मी खातो हो.”

“उद्या सकाळी,” दादा आत्याला म्हणाला. “तू शब्द दिला होतास.” आणि तो तिरपा होऊन दारातून बाहेर पडला.

आत्याला राग आवरत नव्हता, आणि तो नेमका कोणावर हे सांगता येत नसल्याने तर अधिकच. पावडर सुटली, कारण दादा नऊवर होता. रक्ताचा दोषही सुटला. उरला स्वयंपाक, आणि स्वयंपाकाकडे पाहावे, तर ब-बारा भरपूर.

“तिच्या कपाटात पावडरीचा डबा असेल,” ती आचाऱ्याला म्हणाली. “तोही तपासू. काही सोडायचं नाही.”

त्याने किल्ल्यांचा जुडगा आणला. एक लावली, दुसरी लावली. कुलूप हलेना.

“किल्ली हरवली वाटतं,” आत्या म्हणाली.

“नाही, हीच आहे. पण हिचा दात मोडलाय. जुडग्यात आहे म्हणून वाटतं, की किल्ली आहे.”

आत्याचा हात हवेतच थांबला.

जुडग्यात आहे म्हणून वाटते, की किल्ली आहे. तपासणी करणारे यंत्र किल्ल्या मोजते. दात मोजत नाही. चिंगीच्या रक्तात ब-बारा भरपूर होते, पण त्याचा दातच कोणीतरी मोडला असेल तर? ब-बाराच्या गाभ्यात कोबाल्ट या धातूचा अणू असतो, आणि तो निकामी करणारा एक वायू तिला चांगला माहीत होता. वर्षानुवर्षे परीक्षेत ती तो प्रश्न घालत आली होती. शस्त्रक्रियेच्या खोल्यांत तो वापरतात. मुलांचे दात काढतानाही वापरतात. हुंगणाऱ्याला हसू येते, म्हणून त्याला हास्यवायू म्हणतात.

“जावईबापू,” तिने हळू विचारले, “गंमतवारा म्हणजे काय?”

“तो दवाखान्यातला शब्द. मुलं घाबरू नयेत म्हणून मास्क लावताना म्हणतात, ‘चला, आता गंमतवारा घेऊ.’ गुरुवारी दात काढायचा दिवस असतो. टिकली शाळेतून आली, की आईजवळ त्याच खोलीत चित्रं काढत बसायची.”

आत्या उठली. पायात चप्पल नीट न सरकवताच ती बाहेर पडली.

५

मदतनीस बसथांब्यावर भेटली. आत्याला पाहताच ती वळून चालू लागली.

“बोटं बधिर आहेत ना?” आत्या मागून म्हणाली. “चिंगीचीही सुरुवात तशीच झाली होती.”

ती थांबली. बाकावर येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरले नव्हते. ते पेटले होते.

“त्या खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा आहे. त्याची नळी पुढच्या भिंतीतून बाहेर पडते. गेल्या वर्षी नवा फलक लावला, तो त्या तोंडावरच. हवा जाईना, पंखा शिट्टी मारायला लागला. शिट्टी ऐकून मुलं रडायची. डॉक्टर म्हणाले, बंद ठेवा. बटणावर चिकटपट्टी मारली.”

“त्यांना नळीचं माहीत होतं?”

“चिंगीताईनं सांगितलं होतं. माझ्यासमोर. म्हणाली, डॉक्टर, फलकाला भोक पाडा, वारा खोलीतच फिरतो, आमची डोकी दुखतात. तर ते म्हणाले…” तिने डॉक्टरांचा लाडिक आवाज काढला. “म्हणाले, ‘तुम्हाला फुकट हसायला मिळतंय, तर तक्रार कसली?’”

आत्याने बाकाची कड घट्ट धरली.

“आणि ते स्वतः?”

“ते दात काढण्यापुरते आत येतात. मग दुसऱ्या खुर्चीवर. मास्क धरून दिवसभर आम्हीच.”

“भोक कधी पाडलं?”

“ताई गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. सुतार बोलावला. मला म्हणाले, कोणाला सांगायचं कारण नाही.”

“माझ्याबरोबर रक्त द्यायला येशील?”

“नोकरी जाईल माझी.”

“जाईल,” आत्या म्हणाली. तिला खोटा धीर देता आला नाही. “हात वाचतील.”

समोर बस येऊन थांबली, दारे उघडली, मिटली आणि निघून गेली. मदतनीस बाकावरच बसून राहिली. मग तिने बाही वर केली, जणू सुई तिथेच टोचणार होती.

६

रविवारी दवाखाना बंद असे. चिंगीच्या वस्तू न्यायच्या आहेत असे सांगितल्यामुळे डॉक्टर किल्ली घेऊन आले. दादा आला, त्याच्या हातात टिकलीच्या कपड्यांची पिशवी होती. आचारी आला, टिकलीचा हात धरून. दारात मदतनिसीला पाहून डॉक्टरांचा लाडिक चेहरा किंचित ताठ झाला. टिकलीला बाहेरच्या पायरीवर तिच्याजवळ बसवून आत्या तिघा पुरुषांना घेऊन आतल्या खोलीत शिरली. यंत्राच्या शेजारी सशाच्या नाकाचा मास्क लटकत होता.

“दादा, तुझा हिशेब असा,” आत्या म्हणाली. “एक ताट, एक आचारी, दोन आजारी. पण त्याच ताटात जेवणारा तिसरा अकरावर आहे, ते तू सोडून दिलंस.”

“स्वतःच्या ताटात कोण घालील?”

“ठीक. मग हे ऐक. बाहेर बसलीय त्या मुलीनं चिंगीच्या घरचं कधी काही खाल्लं नाही. ती तुमच्या रक्ताची नाही. तुझी पावडर तिला माहीतही नाही. तिचा आकडा चोपन्न आहे, काल संध्याकाळी आला. चिंगी, टिकली आणि ती, या तिघींत सारखं काय, ते सांग.”

दादाने खोलीवरून नजर फिरवली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती पोहोचायला फार वेळ लागला नाही. खोली लहान होती आणि तिला खिडकी नव्हती.

“हवा,” आत्याच म्हणाली. “या वायूनं ब-बाराचा दात मोडतो. रक्तात ते दिसतं, मोजलं जातं, पण काम करत नाही. मग होमोसिस्टीन तुंबतं, नसा बधिर होतात. गुरुवारी झिंग यायची ती याचीच.”

“हा वायू जगभर वापरतात,” डॉक्टर म्हणाले. “मुलांना काहीही होत नाही.”

“उपचारापुरता घेणाऱ्या मुलाला सहसा होत नाही. म्हणून तर खोलीला पंखा लावतात. मास्क धरणाऱ्या बाईसाठी.”

“पंखा आहे ना. चालतो. बघा.” त्यांनी बटण दाबले. घाईने पाडलेले भोक पुरेसे नव्हते; बारीक शिट्टी घुमवत हवा त्यातून बाहेर जाऊ लागली.

“चालतो. भोक पाडल्यापासून.” आत्याचा आवाज चढला नाही, उलट शब्दांमधले अंतर वाढले. “डॉक्टर, गुठळी याच कारणानं झाली, असं मी शपथेवर सांगणार नाही. शक्यता मोठी आहे, एवढंच विज्ञान मला बोलू देतं. पण दुसरी एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकते. चांगल्या भल्या फलकातल्या हास्याला कोणी उगाच भोक पाडत नाही. तेही नेमकं नळीच्या तोंडावर. तेही ती गेल्याचं कळताच. तुम्हाला माहीत नसतं, तर तुम्ही रडला असता. तुम्ही सुतार बोलावलात.”

“चूक लक्षात आली, दुरुस्त केली. यात गुन्हा कसला?”

“चूक तिनं लक्षात आणून दिली होती. तुम्ही तिला काय म्हणालात, ते तिच्या भावासमोर म्हणा.”

डॉक्टर लटकणारा मास्क सरळ करू लागले.

“म्हणा. फुकट काय मिळत होतं तिला?”

दादाने पिशवी खाली ठेवली आणि एक पाऊल पुढे टाकले. त्या लहान खोलीत त्याच्या देहाने निम्मा उजेड अडवला.

“हात खिशात,” आत्या म्हणाली. “तुझ्या एका ठोशानं हे पीडित ठरतील. मला तसं व्हायला नकोय. कामगार सुरक्षा निरीक्षकांना मी बोलावलंय, ते पोहोचतीलच. शिट्टी त्यांनाही ऐकवायची आहे.”

दादाने हात खिशात घातले. मग त्याने टिकलीची पिशवी उचलली आणि आचाऱ्यापुढे धरली.

“घरी न्या हे,” तो म्हणाला.

आचाऱ्याने पिशवी घेतली. “सकाळपासून उपाशी असाल,” तो खाली पाहत म्हणाला. “घरी चला. मी करतो काहीतरी.”

दादाने तोंड भिंतीकडे फिरवले आणि होकारार्थी मान हलवली.

आत्या बाहेर पायरीवर येऊन बसली. टिकलीला आता उपचार मिळणार होता. पोर होती, भरून निघेल, असे विद्यार्थी म्हणाला होता. राग मात्र कमी झाला नव्हता. उत्तर सापडले की तो शमेल, असे तिला वाटले होते.

टिकलीने मुठीतून आपला इवलासा दात काढून दाखवला. तो आत्ताच पडला होता. तिने मान मागे टाकून वरच्या फलकाकडे पाहिले.

“आत्याआजी, मला नवीन दात येणार. त्या मोठ्या दातालाही येईल?”

आत्याने त्या काळ्या भोकाकडे पाहिले. शिट्टी अजून वाजत होती.

“नाही ग,” ती म्हणाली. “त्याचा पक्का दात गेलाय. पक्का गेला, की परत येत नाही.”